अपडेट काढावं की रिसेट मारावं?

दर्यापूरकडच्या आमच्या गावात लाइन गेली, बॅटरी आधीच उतरलेली. अपडेट अर्धवट राहिलं आणि पुतणीचा विंडोज 11 चा लॅपटॉप फिरत्या ठिपक्यांवरच अडकला. तिचे शिष्यवृत्तीचे कागद त्यातच. पॉवरचं बटण 10 सेकंद दाबून बंद, पुन्हा चालू, असं दोन-तीनदा केल्यावर रिकव्हरीची निळी स्क्रीन आली.

तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ने फक्त नवं अपडेट निघतं, फायली, सॉफ्टवेअर जागेवर. रिसेटमध्ये, म्हणजे विंडोज नव्याने बसवताना, ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी नंतर टाकलेली सॉफ्टवेअर उडतात, आणि ती पुन्हा उतरवायला आमच्याकडे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं. मी आधी अपडेटच काढलं. सुरू झाला! बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर मात्र ते कुलूप उघडणारी 48 अंकी ‘रिकव्हरी की’ आधीच वहीत लिहून ठेवा.