सरकारी कार्यालयातल्या गोपनीय फाइली: आधी एन्क्रिप्शन की आधी प्रवेशहक्क?

विभागीय चौकशी, निविदा, भूसंपादनाचे प्रस्ताव, कर्मचाऱ्यांची वैद्यकीय बिलं हे सगळं आता कार्यालयाच्या संगणकांवर असतं. ते सांभाळायचं म्हटलं की एक जण सांगतो, सगळं एन्क्रिप्ट करून टाका, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदला. दुसरा म्हणतो, कोणाला काय दिसावं, म्हणजे प्रवेशहक्क, ते आधी ठरवा. दोन्ही हवं हे खरंच, पण मनुष्यबळ बेताचं असेल तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न उरतोच.

एन्क्रिप्शन उपयोगी पडतं ते वस्तूच हातची गेली तर. २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याने बालभत्त्याची माहिती दोन सीडींवर टाकून पाठवली आणि त्या वाटेतच गहाळ झाल्या. त्यात अडीच कोटी लोकांच्या नोंदी होत्या. सीडींना पासवर्ड होता, पण माहिती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. शेवटी खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. अशा वेळी प्रवेशहक्कांचा काही उपयोग नसतो. विंडोजमध्ये फोल्डरवर कितीही बंधनं घाला, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की ती बंधनं सहज ओलांडता येतात.

आता उलट बाजू. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांच्या पार्श्वभूमी-तपासणीच्या नोंदी गेल्याचं उघड झालं. घुसखोरांकडे खरं लॉगिन होतं. माहिती एन्क्रिप्ट केलेली असती तरी या प्रकरणात फरक पडला नसता, असं तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्याने संसदेच्या समितीपुढे सांगितलं. ते पटण्यासारखं आहे, कारण खऱ्या लॉगिनने आत आलेल्याला संगणक फाइल उलगडूनच दाखवतो. अमेरिकी गुप्तचर संस्थेची गोपनीय कागदपत्रं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनचं उदाहरण याहून बोचरं. तो यंत्रणा सांभाळणारा माणूस होता, त्यामुळे इतरांना न दिसणारं बरंच काही त्याच्या आवाक्यात होतं.

खर्चाचं म्हणाल तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत डिस्क एन्क्रिप्ट करणारं बिटलॉकर आधीपासूनच असतं, फक्त चालू करायचं. त्याच कामाचं व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. खरी अडचण किल्लीची. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे संगणक अडला की डिस्क उघडणारी किल्ली, ४८ अंकी असते. ती साहेबांच्या खासगी ईमेलमध्ये गेली आणि साहेबांची बदली झाली, तर मदरबोर्ड बदलल्यावर संगणक ती विचारेल तेव्हा कोणाकडे मागणार? व्हेराक्रिप्टमध्ये तर पासवर्ड विसरलात की फाइल कायमची गेली. म्हणून किल्लीची किंवा पासवर्डची छापील प्रत सीलबंद लिफाफ्यात ठेवावी आणि चार्ज देण्याघेण्याच्या यादीत तिची नोंद करावी. शिवाय एन्क्रिप्ट केलेल्या लॅपटॉपवरून साध्या पेनड्राइव्हवर घेतलेली फाइल उघडीच असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

प्रवेशहक्कांना पैसा कमी आणि चिकाटी जास्त लागते. पहिल्या दिवशी यादी झकास तयार होते. मग आस्थापनेचा लिपिक लेखाशाखेत जातो, त्याला नवे हक्क मिळतात, पण जुने कोणी काढत नाही. अशा तीन बदल्या झाल्या की एकाच माणसाला अर्धं कार्यालय दिसतं. त्यात साहेबांची डिजिटल स्वाक्षरीची डोंगल ऑपरेटरच्या खणात आणि पिन मॉनिटरवरच्या चिठ्ठीत असेल, तर हक्क आखण्यात काही अर्थ नाही. असं दृश्य दुर्मीळ आहे, असं कोणी म्हणणार नाही.

माझं मत विचाराल तर बाहेर फिरणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करा. लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि बॅकअपच्या हार्डडिस्क आधी एन्क्रिप्ट करा. थोड्या दिवसांत होणारं काम आहे आणि एकदा झालं की फारसं बघावं लागत नाही. पण सगळा कारभार एकाच सामायिक सर्व्हरवर चालत असेल आणि तो कुलूपबंद खोलीत असेल, तर क्रम उलटा ठेवा. तिथे डिस्क चोरीला जाण्यापेक्षा चुकीच्या माणसाने फाइल उघडण्याची शक्यता जास्त. सर्वाधिकार असलेली खाती दोनच ठेवा, त्यांना पासवर्डबरोबर ओटीपी लावा, आणि कोणी काय उघडलं याची नोंद अशा जागी साठवा जिथे तीच दोन माणसं ती पुसू शकणार नाहीत.

सर्व्हर वापरणाऱ्यांनी हे काम आजच करावं: आस्थापना शाखेकडून वर्षभरातले बदली आणि निवृत्तीचे आदेश मागवा, आणि त्यातल्या किती जणांचं लॉगिन अजून चालू आहे ते तपासा.