‘होऊन जाईल ताई’: फुकेत-क्राबीच्या पॅकेजात गेलेले १,५३,१२५ रुपये

थायलंडच्या सहलीच्या नावाखाली एका खोट्या ट्रॅव्हल एजंटाने आम्हाला फसवलं. आधी आकडे लिहिते, नाहीतर रागाच्या भरात ते राहून जातील. टोकन १०,०००. तिकिटं ‘लॉक’ करायला ६२,०००. उरलेले ६६,५००. टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, म्हणून ६,९२५. ‘व्हिसा आणि अरायव्हल कार्ड’ माणशी १,५०० प्रमाणे ४,५००, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या माझ्या लेकीचेही १,५०० लावलेले. बेबी कॉट आणि बाळाचा इन्शुरन्स, ३,२००. एकूण १,५३,१२५ रुपये.

पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. सोशल मीडियावर पेज, निळ्या समुद्राचे व्हिडिओ, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग लोगो घातलेलं पीडीएफ. मलाही पाठ होती. ऑफिसात कोणाला केवायसीचा फोन आला की मीच ओरडायचे, ‘ठेव तो फोन!’ त्यामुळे ‘शिकलेली माणसं कशी फसतात’ हे वाक्य मला ऐकवू नका, नातेवाइकांनी ते पुरेसं ऐकवलंय. आणि स्वस्ताला भुललो असंही नाही. बाकीच्यांचे दर १,४५,००० ते १,६०,०००च्या मध्ये होते, याचा १,३८,५००. एवढा फरक तर दोन खऱ्या एजंटांतही असतो. तो तेवढाच ठेवायची अक्कल त्याच्याकडे होती.

आम्ही ठाणे जिल्ह्यातले, दोघंही नोकरी करणारे. डिसेंबर २०२५ ठरवला तो विचार करूनच. फुकेत आणि क्राबीची किनारपट्टी साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळ्यात असते, नोव्हेंबरनंतर समुद्र निवळतो. शिवाय लेक दोन वर्षांची व्हायच्या आत निघालो तर तिचं तिकीट इन्फंटचं, म्हणजे फार थोडक्यात. (मध्यमवर्गीय हिशेब आहे, हसू नका.) सासूबाई म्हणत होत्या, एवढ्याशा पोरीला घेऊन परदेशी कशाला, गणपतीपुळ्याला समुद्र नाही का. आता त्या या विषयावर एक अक्षर बोलत नाहीत, आणि ते जास्त लागतं.

लेकीचा पासपोर्ट आम्ही स्वतः काढला. फी १,०००, आठ वर्षांखालच्या मुलांना दहा टक्के सूट, म्हणून ९००. काउंटरवरच्या बाईंनी फोटो परत काढून आणायला लावला, कारण लेकीला धरलेला माझा हात कोपऱ्यात दिसत होता. नवऱ्याची सही जराशी वेगळी आली म्हणून अ‍ॅनेक्श्चर डी (आईवडिलांचं संमतीपत्र) पुन्हा भरून घेतलं. मी तिथे फणफणले होते. आणि इकडे हा माणूस! कशालाही नाही म्हणत नव्हता. स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेता येईल? होऊन जाईल ताई. रात्री दुधासाठी गरम पाणी? होऊन जाईल. फी फी बेटांना स्पीडबोटीने जाताना एवढं लहान मूल चालेल? ‘आमच्याकडे बेबी लाइफ जॅकेट असतात ताई, माझाही मुलगा तेवढाच आहे.’ त्या स्पीडबोटी किती आदळत जातात आणि बरेच बोटवाले गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना घेतच नाहीत, हे मी नंतर वाचलं. खरा एजंट निदान म्हणाला असता की ताई, नको, लाँगटेल बोटीने जवळचं एखादं बेट करा. हा माणूस मला बाळाबद्दल विचारायचा. खाते का नीट, दात आले का, मेतकूट-भात पॅक करा, ओआरएसच्या पुड्या ठेवा, डासांचं क्रीम विसरू नका. माझ्या सख्ख्या नणंदेने एवढी चौकशी केली नव्हती.

आता जिथे कळायला हवं होतं ते सांगते. अजूनही रात्री तेच आठवतं. सुट्ट्या जुळवता जुळवता परतीची तारीख लेकीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या पलीकडे गेली. मी त्याला लेखी विचारलं, मेसेज अजून आहे माझ्याकडे: ‘ती ट्रिपमध्येच दोन वर्षांची होतेय, तिकिटाला काही फरक पडतो का?’ उत्तर आलं, ‘टेन्शन नका घेऊ ताई, होऊन जाईल. बर्थडेला रूम डेकोरेशन आमच्याकडून फ्री.’ खाली फुग्यांची रांग.

फुगे!

इन्फंट म्हणजे प्रवासाच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण न झालेलं मूल. जाताना मांडीवर चालतं, पण परतीच्या आधी दोन पूर्ण झाली की येताना तिला स्वतःची सीट आणि चाइल्डचं तिकीट लागतं. रोज तिकिटं काढणाऱ्या माणसाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि यात नुकसान माझं होतं, त्याचं नव्हे. त्याला उलट जास्त पैसे मागायचं हक्काचं कारण मी ताटात वाढून दिलं होतं, आणि त्याने ते घेतलं नाही. का नाही घेतलं, एवढं एकच मी स्वतःला विचारलं असतं तर ६६,५०० तरी वाचले असते. पण फुगे बघून मी नवऱ्याला म्हणाले, किती चांगला माणूस आहे. लेक तापाने फणफणलेली, ऑफिसात महिनाअखेर, घरात कामवाली नाही. त्या आठवड्यात कोणीही ‘होऊन जाईल’ म्हटलं असतं तरी मला बरंच वाटलं असतं. याला कोणी मूर्खपणा म्हणणार असेल तर त्याने एकदा दोन वर्षांचं मूल सांभाळून नोकरी करून दाखवावी.

आणि मी तपासलं नाही असं समजू नका. पीएनआर आला तो मी विमान कंपनीच्या साइटवर टाकला. उघडला! मुंबई-बँकॉक-फुकेत, माझं नाव, नवऱ्याचं नाव. लेकीचं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणे, इन्फंट एअरपोर्टवर अ‍ॅड होतो. साफ खोटं. परदेशी जाताना बाळाचं नाव, जन्मतारीख बुकिंगमध्ये आधीच घालतात. दुसरं म्हणजे पीएनआर असणं आणि तिकीट असणं यात फरक आहे. पैसे न भरता बुकिंग काही काळ नुसतं होल्डवर ठेवता येतं, तेव्हाही साइटवर नावं दिसतात. मुदत संपली की आपोआप रद्द. तिकीट निघालं की मोठ्या विमान कंपन्यांच्या कागदावर तेरा आकडी तिकीट क्रमांक येतो, आमच्या कागदावर ती जागाच नव्हती. तो क्रमांक मागा. पीएनआर दाखवला म्हणून एक रुपया सोडू नका.

टीसीएसचं तर हसूच येतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापतात, बरोबर आहे. पण तो कापणाऱ्याला तुमचा पॅन लागतो, कारण ती रक्कम तुमच्या इन्कम टॅक्सच्या नोंदीत दिसते आणि रिटर्न भरताना तिचा हिशेब मिळतो. याने ६,९२५ घेतले, पॅन विचारलाच नाही. नवरा दरवर्षी स्वतः रिटर्न भरतो, तरी त्यालाही खटकलं नाही. (हे मी लिहिलेलं त्याला आवडणार नाही.) बिलावरचा जीएसटी क्रमांक २४ने सुरू होत होता. २४ गुजरातचा, महाराष्ट्राचा २७, आणि पत्ता छापलेला अंधेरीचा. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला तर निघाला कुठल्यातरी हार्डवेअरच्या दुकानाचा. पैसे गेले कोणाच्या तरी बचत खात्यात, ‘करंट अकाउंटचं लिमिट संपलंय ताई’. आणि व्हिसा! भारतीय पर्यटकांना थायलंडसाठी आधी व्हिसा काढायची गरजच नव्हती, आणि १ मे २०२५पासून सुरू झालेलं त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर पोचण्याआधीच्या तीन दिवसांत फुकट भरता येतं. त्याचे ४,५००.

बिंग फुटलं ते कॉटमुळे. क्राबीत आओ नांगच्या हॉटेलात खोलीत किटली असते का, कॉटला कठडा किती उंच, हे मी थेट हॉटेललाच मेल करून विचारलं. या एका प्रश्नापुरता मला त्याच्यावर विश्वास वाटला नाही, का ते माहीत नाही. हॉटेलचं उत्तर नम्र होतं: या नावाने आमच्याकडे बुकिंग नाही. फुकेतच्या हॉटेलला विचारलं, तेच. पीएनआर पुन्हा टाकला, सापडेना. त्याला फोन केला, एक रिंग, मग काहीच नाही. तोवर बॅग अर्धी भरलेली होती, पोहण्याचे डायपर, नाचणी सत्त्व, उन्हाची टोपी.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना? मग हे ऑथराइज्ड आहे.’ म्हणजे चोराने माझ्या हातून पैसे काढून घेतले तर ती चोरी नाही. लेखी द्या म्हटलं तर मॅनेजर मीटिंगमध्ये. पोलीस ठाण्यात आधी सांगितलं, हा सायबरचा विषय. सायबरवाल्यांनी सांगितलं, रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यात द्या. लहान! परत ठाण्यात आलो तर साहेब म्हणाले, पॅकेज दिलं नाही म्हणजे हा व्यवहाराचा वाद झाला, दिवाणी कोर्टात जा. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) कलम फसवणुकीचंच आहे ना? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘वकील आहात का?’ नाही, मी दीड लाख गेलेली बाई आहे. खातं परराज्यातलं निघालं तर हद्दीचं कारण पुढे केलं. झीरो एफआयआर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये कायद्यानेच लिहिलेला आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो. हे त्यांना मी सांगायचं? लेकीला कडेवर घेऊन, त्या बाकावर बसून? एका हवालदाराने तिला बिस्किट दिलं, तेवढीच त्या इमारतीतली माणुसकी. मधे ज्यांच्याकडे कागद होते त्या अधिकाऱ्यांची बदली झाली, नव्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं, ‘थायलंडला कशाला जात होतात?’पासून. ज्या खात्यात पैसे गेले ते शेवटी गोठवलं, त्यात शिल्लक १,१४० रुपये. तेही मिळायला कोर्टाचा आदेश लागेल म्हणे.

तुमचं असं काही झालं तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग बाकीची रडारड. पैसे पुढच्या खात्यांत पळायच्या आत तक्रार पडली तरच काही अडकतं, आमचे हप्ते केव्हाच काढून झाले होते. तक्रारीचा क्रमांक, यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक), स्क्रीनशॉट सगळं कागदावर छापून न्या, फोन दाखवला तर कोणी बघत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो, आणि आमच्याकडे आहे अंधेरीच्या एका इमारतीचा मजला, जिथे डेंटिस्ट बसतो. लहान मूल घेऊन जाणार असाल तर पूर्ण पैसे द्यायच्या आधी हॉटेलला आणि विमान कंपनीला स्वतः मेल करा, बाळाचं नाव बुकिंगमध्ये आहे का विचारा. एजंटला राग आला तर येऊ दे.

लेक दोन वर्षांची घरीच झाली. आता तिला कुठेही न्यायचं तर पूर्ण सीटचे पैसे.

ते पेज नवीन नावाने पुन्हा सुरू झालंय. व्हिडिओ तेच, क्राबीचं पॅकेज तेच, दर आता १,४१,०००. मी तक्रार केली तर उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. त्याखाली एका बाईने विचारलंय, ‘विथ इन्फंट रेट काय?’ मी तिला उत्तर लिहिलं, ते काही मिनिटांत उडवलं आणि मला ब्लॉक केलं. नवऱ्याच्या अकाउंटवरून परत लिहिलंय.