घर मिळतं, गाव मिळत नाही: टाऊनशिपमधली फेजची फसवणूक

टाऊनशिपमध्ये फसलेल्या माणसाला फ्लॅट बहुतेक वेळा मिळालेला असतो. चटई क्षेत्र बरोबर भरतं, टाइल्स ठरलेल्याच असतात, किल्लीही वर्ष-सहा महिने मागेपुढे हातात पडते. मिळत नाही ते बाकीचं सगळं: पालिकेचं पाणी, चालू एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्लांट), मुख्य रस्त्यापर्यंतचा रस्ता, शाळा, दवाखाना, मंडई. शेजारच्या साध्या इमारतीपेक्षा दर चढा लावला होता तो याच बाकीच्यासाठी. म्हणून ही फसवणूक घराची नाही, घराभोवतीच्या गावाची आहे, आणि ती बहुतांशी कागदावर कायदेशीर दिसते.

मेख आहे ती फेजमध्ये. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायदा, २०१६ च्या कलम ३ नुसार टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प धरला जातो आणि त्याची नोंदणी वेगळी होते. हेतू चांगला होता: एका टप्प्याचे पैसे दुसऱ्यात वळू नयेत. पण सेल्स ऑफिसमध्ये मॉडेल ठेवलेलं असतं शंभर एकरांचं आणि करारनामा होतो चार टॉवरांचा. मॉडेलवरचा तलाव, शाळा, बारा पदरी वाटावा असा रस्ता हे सगळं 'पुढच्या फेज'मध्ये. त्या फेजची नोंदणीच झालेली नसेल तर तिला कायद्याने पाळायची तारीखच नसते. 'मास्टर प्लॅनमध्ये आहे' हे सेल्समनचं वाक्य खरंच असतं. मास्टर प्लॅनमध्ये आहे, तुमच्या प्रकल्पात नाही.

हे तपासायला दहा मिनिटं लागतात. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपल्या फेजचा नोंदणी क्रमांक टाका. टॉवर किती, विकले किती, तारीख किती वेळा वाढवली हे लोक बघतात आणि पान बंद करतात. तुम्ही पान बंद न करता खाली जा. सामायिक सुविधांचा एक तक्ता असतो: अंतर्गत रस्ते, पाणीपुरवठा, मैलापाण्याच्या वाहिन्या, पावसाळी गटारं, सांडपाणी प्रक्रिया, घनकचरा, अग्निशमन, वीज उपकेंद्र. प्रत्येक ओळीपुढे ती सुविधा प्रस्तावित आहे की नाही आणि काम किती टक्के झालं हे बिल्डरनेच भरलेलं असतं. सांडपाणी प्रक्रियेपुढे 'नाही' असेल तर ब्रोशरचा कागद कितीही जाड असो, या फेजला एसटीपी नाही. 'आहे' असेल तर विचारा, तो याच फेजच्या हद्दीत आहे की सामायिक जागेत, आणि ती सामायिक जागा कोणत्या नोंदणी क्रमांकात मोडते. शेवटच्या प्रश्नावर सेल्समन उठून साहेबांना बोलावतो.

पाण्याचं गणित स्वतः करा, अवघड नाही. नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर आणि घरटी ५ माणसं धरतात. ८०० फ्लॅटांची फेज म्हणजे दिवसाला ५ लाख ४० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ५४ टँकर. रात्रंदिवस दर सत्तावीस मिनिटांना एक. निम्मी घरं भरली तरी २७ टँकर. आता पूर्ण ५,००० फ्लॅटांची टाऊनशिप धरा: ३३ लाख ७५ हजार लिटर, सुमारे ३३८ टँकर. एवढे टँकर गेटातून आत यायला आणि रिकामे व्हायलाच दिवस पुरत नाही. तरी परवानगी मिळते कशी? अनेक ठिकाणी पालिका बिल्डरकडून हमीपत्र घेते की आमचं पाणी पोहोचेपर्यंत तो स्वखर्चाने पाणी देईल. तुमच्या करारनाम्यात मात्र कुठेतरी चाळिसाव्या पानावर या अर्थाचं कलम येतं की पालिकेचा पुरवठा सुरू होईपर्यंतचा पाण्याचा खर्च सदनिकाधारक मेंटेनन्समधून सोसतील. हमीपत्र एकाचं, बिल दुसऱ्याचं. बांधकाम परवानगीच्या फाइलमधलं ते हमीपत्र माहिती अधिकारात मागता येतं. मागाच. करारनाम्याशेजारी ठेवलं की पुढचं बोलणं वेगळ्याच सुरात होतं.

आणखी एक प्रामाणिक कागद म्हणजे पर्यावरण मंजुरीचं पत्र. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला ती लागते आणि केंद्राच्या परिवेश पोर्टलवर बघता येते. त्यात पाण्याची रोजची गरज, स्रोत, एसटीपीची क्षमता आकड्यांत असते. ब्रोशर खरेदीदारासाठी लिहिलेलं असतं, हे पत्र सरकारसाठी, त्यामुळे दोन्हींत फरक सापडला तर पत्रावर विश्वास ठेवा.

मैलापाण्यात फसवणूक आणि तांत्रिक अडचण यांची सरमिसळ होते, तेवढी समजून घ्यावी. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के गटारात जातं. ५,००० फ्लॅटांसाठी २७ लाख लिटरचा प्लांट हवा, ८०० फ्लॅटांच्या पहिल्या फेजचं मैलापाणी जेमतेम ४ लाख ३२ हजार लिटर. पूर्ण क्षमतेचा प्लांट आधीच बांधला तर त्यातल्या जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही, गाळ तयार होत नाही, पाणी शुद्ध होत नाही. म्हणून शहाणा नियोजक प्लांट मॉड्यूलमध्ये, म्हणजे सुट्या भागांत, बांधतो आणि पहिल्या फेजबरोबर पहिलं मॉड्यूल चालू करतो. बिल्डर 'लोड आल्यावर एसटीपी' म्हणतो तेव्हा तो अर्धं खरं बोलत असतो. उरलेलं अर्धं म्हणजे तोवरचं मैलापाणी मागच्या नाल्यात. प्लांट आहे असं सांगितलं तर टाकी नको, ब्लोअर बघा. हवा सोडणारा तो पंप सतत चालायला हवा. विजेचं बिल वाचवायला तो बंद ठेवला की टाकीला कुजका वास येतो आणि पाणी काळपट राहतं. संध्याकाळी कळवून न जाता जा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्लांट चालवण्याचं संमतिपत्र आहे का, तेही विचारा. उभारणीचं वेगळं, चालवण्याचं वेगळं.

रस्त्याबाबत एकच गोष्ट: नकाशावरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता म्हणजे रस्ता नव्हे, ती इच्छा आहे. जमीन ताब्यात आली का हे महत्त्वाचं. बहुतेक वेळा अडतो तो शेवटचा दोनशे मीटरचा तुकडा. त्या गटाचा सातबारा काढा. नाव अजून शेतकऱ्याचंच असेल तर भूसंपादन बाकी आहे. शिवाय आरक्षण टाकून दहा वर्षं जमीन घेतली गेली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊन मालक ते रद्द करवून घेऊ शकतो. शाळेचंही तसंच. आरक्षित भूखंड म्हणजे शाळा नव्हे.

ताब्याच्या वेळी दोन सापळे असतात. पहिला 'फिट-आउट पझेशन'. भोगवटा प्रमाणपत्र नाही, पण फर्निचर करून घ्या म्हणून किल्ली देतात आणि एका पत्रावर सही घेतात. पत्रात 'ताबा मिळाला, तक्रार नाही' असं असतं. रेराच्या कलम १८ नुसार उशिरासाठी दरमहा व्याज मिळतं ते ताबा मिळेपर्यंतच, म्हणून या सहीची घाई. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (कर्जाच्या किमान व्याजदरावर) २ टक्के जास्त असतं, मोठ्या फ्लॅटला रक्कम लहान नसते. दुसरा सापळा जमिनीचा. इमारतीचं अभिहस्तांतरण (मालकी नावावर करून देणं) सोसायटीला आधी होतं, पण मोठ्या लेआउटमधल्या जमिनीचं सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेला, शेवटच्या इमारतीला भोगवटा मिळाल्यापासून तीन महिन्यांत. शेवटची इमारत बांधलीच नाही, तर ते तीन महिने सुरूच होत नाहीत. दरम्यान मधल्या मोकळ्या जागेवर नवा टॉवर आला तर? मंजूर लेआउट बदलायला कलम १४ नुसार दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ती संमती करारनाम्यातच आगाऊ, सरसकट घेऊन ठेवायचा प्रयत्न होतो. ते कलम खोडायला सांगा. नाही खोडलं, तरी नेमका बदल न दाखवता घेतलेली संमती पुढे आव्हान देण्याजोगी असते.

हे सगळं बुकिंगच्या चेकआधी. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही (कलम १३), पण तेवढी दिली की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो. करारनाम्याच्या सामायिक सुविधांच्या परिशिष्टात पाणी, एसटीपी, रस्ता या प्रत्येकापुढे तारीख लिहून घ्या. 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द दिसला की तिथेच थांबा. खर्चाच्या पत्रकात 'इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस' असतील तर कोणत्या कामाचे, हे लेखी मागा. त्याच पत्रकात 'एमएसईबी चार्जेस'ही असतात. राज्य वीज मंडळाचं (एमएसईबी) विभाजन होऊन महावितरण आलं २००५ मध्ये, पण या रकान्याला नवं नाव अजून सुचलेलं नाही.

अडकून बसलेल्यांनी एकेकट्याने भांडू नये. खरेदीदारांचा संघ करून कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार करा. टँकरची रोजची नोंद ठेवा: वेळ, गाडी क्रमांक, लिटर, पावती. खोट्या जाहिरातीबद्दल कलम १२ खाली भरपाई मागता येते, पण त्यासाठी जाहिरात हातात लागते. ब्रोशर, ईमेल, वॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ तारखेसह जपून ठेवा आणि सेल्स ऑफिसमधल्या मॉडेलचे फोटो बुकिंगच्याच दिवशी काढा, चारही बाजूंनी, पाट्या वाचता येतील असे. विक्री संपली की सगळ्यात आधी हलतं ते मॉडेल.