परदेशातला हॉटेल सीझन: बेळगाव-खानापूरकडच्या मुलांसाठी व्हिसाच्या वाटांची पारख

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ, कारवार या पट्ट्यातली हॉटेल मॅनेजमेंट केलेली पुष्कळ मुलंमुली ऑक्टोबर ते मार्च गोव्यात असतात. पावसाळा लागला की तिथलं काम ओसरतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत युरोप-अमेरिकेतल्या रिसॉर्टना माणसं कमी पडतात. त्यामुळे मे ते सप्टेंबरच्या नोकरीच्या जाहिराती आपल्याकडे जोरात फिरतात. त्या जाहिरातींमागे प्रत्यक्षात ज्या सेवा आणि वाटा आहेत त्यांची ही पारख आहे. तपासलं आहे ते एवढंच: खर्च कोणी करायचा, कागद कोणाच्या नावाने निघतो आणि सुपरवायझर दर्जाच्या माणसाला तिथे खरोखर जागा आहे का.

आधी ‘मॅनेजर’ या शब्दाचा निकाल लावू. सीझनच्या व्हिसासाठी मालकाला आपली गरजच तात्पुरती आहे हे दाखवावं लागतं. हॉटेलला मॅनेजर बारा महिने लागतो, त्यामुळे सीझनपुरता मॅनेजर मागवणं फार क्वचित टिकतं. सीझनच्या व्हिसावर प्रत्यक्ष मिळतात ती कामं हाउसकीपिंग सुपरवायझर, कुक, फ्रंट डेस्क, रेस्टॉरंट कॅप्टन अशी. ‘असिस्टंट मॅनेजर, सहा महिने, व्हिसा फुकट’ अशी जाहिरात आली तर पहिला प्रश्न पदाबद्दलच विचारा.

सुरुवात करावी ती परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलपासून. त्याचा सर्वांत मोठा उपयोग एजंट तपासायला. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणीपत्र लागतं. पोर्टलवर एजंटचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे, संपली आहे की निलंबित आहे ते कळतं. पत्ताही दिसतो, आणि तो नीट वाचायला हवा. टिळकवाडीत किंवा कॉलेज रोडला खुर्ची टाकून बसलेला माणूस ‘आम्ही मुंबईच्या अमुक एजंटचंच काम करतो’ म्हणतो तेव्हा त्या शाखेची नोंद पोर्टलवर सापडली पाहिजे. नसेल तर तो सब-एजंट, आणि त्याला कायद्यात जागा नाही. स्टुडंट व्हिसाचं काम करणाऱ्या कन्सल्टन्सीचं बोर्ड, जीएसटी नंबर, नगरपालिकेचा परवाना यांपैकी एकही गोष्ट भरतीचा परवाना ठरत नाही.

नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. १८ टक्के धरले तर ३५,४०० रुपये. पैसे बँकेतून द्या, पावतीवर नोंदणी क्रमांक असू द्या. एजंटकडून दोन-चार लाखांचा आकडा आला की तो सेवाशुल्काचा नसतो, मग त्याला ‘प्रोसेसिंग’ म्हणा नाहीतर ‘स्पॉन्सरशिप’.

पोर्टलची उणीव मोठी आहे आणि ती आपल्या मुलांनाच भोवते. दहावी पास माणसाला ईसीएनआर पासपोर्ट मिळतो, म्हणजे जाताना सरकारी मंजुरीची गरज नाही. ती मंजुरी ईसीआर (मंजुरी लागणाऱ्या) पासपोर्टवर आखातासह ठराविक १८ देशांत जाणाऱ्यांनाच लागते, आणि कर्नाटकच्या पत्त्यासाठी ती बंगळुरूच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयातून होते. डिप्लोमा झालेला मुलगा इटलीला किंवा अमेरिकेला निघाला तर त्याचा करार कोणताही भारतीय अधिकारी तपासत नाही. तपासणी त्याची त्यालाच करावी लागते. एजंट तपासायला पोर्टल उत्तम, सुपरवायझर दर्जाची नोकरी शोधायला कच्चं, असं आमचं मत आहे.

अमेरिकेच्या एच-२बी, म्हणजे शेतीबाहेरच्या तात्पुरत्या कामांच्या व्हिसाला आम्ही सर्वांत वरचा क्रमांक देतो, कारण त्यात तपासता येईल असा माग सर्वांत जास्त आहे. वर्षाला ६६,००० जागा. त्यातल्या ३३,००० ऑक्टोबर ते मार्च सुरू होणाऱ्या कामांसाठी, उरलेल्या एप्रिल ते सप्टेंबरसाठी. पूर्वी पात्र देशांची यादी असायची, ती अट १७ जानेवारी २०२५ पासून गेली. क्रम असा: मालक अमेरिकी कामगार खात्याकडून वेतनाचा दर ठरवून घेतो, काम सुरू होण्याआधी ७५ ते ९० दिवसांच्या खिडकीत अर्ज करतो, तात्पुरतं कामगार प्रमाणपत्र मिळालं की आय-१२९ हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे देतो, आणि तो मंजूर झाल्यावरच उमेदवार डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरून मुलाखतीला जातो. आपल्याला मुंबईचं कॉन्सुलेट सोयीचं. एप्रिलचं काम असेल तर मालकाचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीलाच झालेला असतो. मार्चमध्ये कोणी ‘एप्रिलची जागा आहे, आता फाइल टाकू’ म्हणत असेल तर ती फाइल टाकायची वेळ केव्हाच टळलेली आहे.

पडताळणी घरबसल्या होते. कामगार खात्याच्या ‘सीझनल जॉब्स’ या वेबसाइटवर मालकाचं नाव किंवा एच-४०० ने सुरू होणारा केस नंबर टाका. जॉब ऑर्डर उघडली की तासाचा दर, आठवड्याचे तास, सुरू-शेवटच्या तारखा आणि पगारातून होणाऱ्या कपाती दिसतात. कपातीची ओळ सर्वांत आधी वाचा. राहण्याचं भाडं तिथे लिहिलेलं असतं, आणि महागड्या रिसॉर्ट गावात ते पगाराचा मोठा घास घेतं. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. व्हिसाची २०५ डॉलर फी आपण भरली तर मालकाने पहिल्याच कामाच्या आठवड्यात परत द्यायची असते. पासपोर्टचा खर्च मात्र आपला. कराराचा अर्धा काळ भरला की जाण्याचं भाडं आणि पूर्ण केला की परतीचंही मालकाकडे. शिवाय १२० दिवसांच्या किंवा त्याहून लांब करारात दर १२ आठवड्यांच्या टप्प्यात ठरलेल्या कामापैकी तीन चतुर्थांश तासांची हमी असते. पर्यटक कमी आले म्हणून बसवून ठेवलं तरी तेवढे पैसे मिळायला हवेत. एवढं संरक्षण दुसऱ्या कोणत्याच वाटेत इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं नाही. दोष एकच, पण मोठा: जागा फार लवकर संपतात, आणि मालकाचा अर्ज कोट्याबाहेर राहिला तर ऑफर लेटर असूनही उपयोग नाही.

अमेरिकेच्याच जे-१ या प्रशिक्षण व्हिसावरच्या ट्रेनी आणि इंटर्न यांची वाट वेगळी. ज्यांना खरोखर व्यवस्थापनाकडे जायचं आहे त्यांना ही अधिक जवळची. इथे स्पॉन्सर हॉटेल नसतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था स्पॉन्सर असते आणि डीएस-२०१९ हे पात्रतेचं प्रमाणपत्र तीच देते. हॉटेल फक्त यजमान. ट्रेनीसाठी पदवी किंवा डिप्लोमा आणि त्यानंतर अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. शिक्षण नसेल तर पाच वर्षांचा. इंटर्न म्हणजे शिकत असलेला किंवा बाहेर पडून १२ महिने न झालेला. हॉटेल क्षेत्रात कमाल मुदत १२ महिने. सहा महिने किंवा अधिकचा कार्यक्रम असेल तर किमान तीन विभागांत फिरवणं बंधनकारक आहे. डीएस-७००२ या प्रशिक्षण आराखड्यात ते तीन विभाग, प्रत्येकाचा काळ आणि देखरेख करणाऱ्याचं नाव तपासा. आराखड्यात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, रेस्टॉरंट लिहून प्रत्यक्षात पूर्ण वर्ष भांडी आणि खोल्यांवर ठेवलं तर तो नियमभंग आहे, आणि तक्रार हॉटेलकडे न करता स्पॉन्सरकडे करायची.

जे-१ मध्ये उमेदवाराचा खर्च होतो: व्हिसा १८५ डॉलर, सेव्हिस (अमेरिकी सरकारची नोंदणी फी) २२० डॉलर, शिवाय स्पॉन्सरची फी आणि विमा. ही रक्कम कायदेशीर आहे, पण प्रत्येक बाबीची स्वतंत्र पावती मागा. मुलाखतीत प्रश्न येतो तो परत येण्याचा. गावाकडची जमीन दाखवायची तर आपल्याकडचा आरटीसी उतारा कन्नडमध्ये असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा.

इटलीत शेती आणि पर्यटन-हॉटेल या दोन क्षेत्रांसाठी सीझनचा वेगळा कोटा असतो, कमाल नऊ महिने. मालक ठरलेल्या ‘क्लिक डे’ला ऑनलाइन अर्ज करतो, २०२५ साली हॉटेल क्षेत्रासाठी तो १२ फेब्रुवारीला होता. मंजुरीचं पत्र म्हणजे ‘नुल्ला ओस्ता’. नकली नुल्ला ओस्ता बाजारात आहेतच, पण खरं पत्र असूनही फसगत होते: उतरल्यावर ठरलेल्या मुदतीत मालक आणि कामगार दोघांनी निवास-करारावर सही करावी लागते, आणि मालक पुढे आलाच नाही तर राहण्याचा परवाना अडतो. म्हणून मालकाशी व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष बोलल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार मालकाने दिलेल्या खोलीचं भाडं अवाजवी नसावं आणि पगारातून आपोआप कापता येत नाही, हे करारात पाहा.

कॅनडात हॉटेल मॅनेजर आणि रेस्टॉरंट मॅनेजर ही पदं खरोखर परवान्यावर भरता येतात. व्यवसाय संहिता अनुक्रमे ६००३१ आणि ६००३०. मालकाची एलएमआयए (परदेशी माणूस ठेवण्याची सरकारी मंजुरी) फी १,००० कॅनेडियन डॉलर, आणि ती उमेदवाराकडून वसूल करायला मनाई. उमेदवाराची सरकारी फी १५५ आणि बायोमेट्रिक्स ८५ डॉलर. आपल्याकडे ‘एलएमआयए विकत’ मिळते म्हणतात ती हीच, आणि ती विकत घेणं म्हणजे स्वतःचा अर्ज धोक्यात घालणं. सप्टेंबर २०२४ पासून ६ टक्के किंवा अधिक बेरोजगारी असलेल्या महानगरांत कमी पगाराच्या बहुतेक पदांचे अर्ज घेत नाहीत, त्यामुळे टोरांटोपेक्षा डोंगराकडची छोटी गावं बघावीत.

ब्रिटनचा सीझनल वर्कर व्हिसा फळं-भाजीपाला आणि कोंबडी उद्योगापुरता आहे, हॉटेलसाठी नाही. ऑस्ट्रेलियाची पाम ही कामगार योजना पॅसिफिक बेटं आणि तिमोर-लेस्तेच्या लोकांसाठी. या दोन नावांनी कोणी हॉटेलची नोकरी विकत असेल तर पुढे बोलूच नका.

आता कागद. सीमाभागातल्या उमेदवाराचं सर्वांत जास्त अडतं ते इथेच. एसएसएलसी (दहावी) कर्नाटक बोर्डाची, डिप्लोमा कोल्हापूर किंवा गोव्याचा, अनुभव गोव्याचा, असा एकाच माणसाचा संच असतो. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का; त्याआधी प्रत्येक शैक्षणिक कागदाची पडताळणी तो देणाऱ्या राज्यातच होते. कर्नाटकचा कागद बंगळुरूकडे, महाराष्ट्राचा मुंबईकडे. म्हणून दोन राज्यांचा वेळ धरून चाला. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल फी कागदामागे ५० रुपये, वरचे पैसे सेवा देणाऱ्या कंपनीचे.

नावाचा घोळ याहून वाईट. कर्नाटकच्या मार्कशीटवर आद्याक्षरं, महाराष्ट्राच्या डिप्लोम्यावर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर तिसराच क्रम. जन्मगाव जुन्या कागदांत ‘बेलगाम’ आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांत ‘बेळगावी’. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि व्हिसा अर्जात स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहा.

अनुभवपत्र लेटरहेडवर, पद आणि तारखांसह, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासह हवं. गोव्यात पुष्कळ जण ठेकेदाराच्या पगारपत्रकावर असतात; तेव्हा पीएफ पासबुकात ठेकेदाराचं नाव येतं आणि पत्रात हॉटेलचं. दोघांकडून पत्र घ्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत मिळतं, पण अर्जात गोव्यातल्या स्टाफ क्वार्टरचा पत्ता लिहिलात तर पडताळणी तिकडच्या ठाण्यात जाते.

एजंटने मूळ पासपोर्ट ‘फाइलसाठी’ ठेवून घेतला तर लगेच परत मागा. व्हिसा केंद्रात तो उमेदवाराने स्वतः द्यायचा असतो. परदेशात पगार अडला किंवा पासपोर्ट काढून घेतला तर भारतीय दूतावासाकडे ‘मदद’ पोर्टलवरून तक्रार नोंदवता येते. निघण्याआधीच्या शंकांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा टोल-फ्री नंबर आहे. कराराची, जॉब ऑर्डरची आणि पावत्यांची एक प्रत घरी ठेवून जा, म्हणजे तक्रार घरच्यांनाही करता येईल.