तोटीचं स्टीलचं पिंप : सव्वा वर्ष वापरल्यावर

गेल्या वर्षी आषाढात माझे धाकटे दीर पंधरा दिवस जुलाबांनी आडवे होते. त्यांना एचआयव्ही आहे. हे मी त्यांना विचारून लिहितेय. "लिहा वहिनी, फक्त नाव नको" म्हणाले. गोळ्या एक दिवस चुकवत नाहीत, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, वेळच्या वेळी जातात. पण निदान उशिरा झालं होतं, त्यामुळे सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, अजून कमीच. आपलं पोट एक दिवस बिघडतं आणि सुटतं. तेच दुखणं त्यांच्या आतड्यात ठाण मांडून बसतं. त्या पंधरा दिवसांत सहा किलो उतरले. तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू निघाला.

तेव्हा केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी मला विचारलं, "पाणी उकळता हे ठीक, पण भांड्यातून काढता कशाने?"

आमच्याकडे पेडण्यात नळाला चांदेलच्या प्रकल्पाचं पाणी येतं. ते मी रोज रात्री टोपात उकळून, गाळून तांब्याच्या हंड्यात ओतायची. आणि सगळं घर त्या हंड्यात फुलपात्र बुडवून प्यायचं. बाईंनी टेबलावरचा पेला उचलून दाखवला: काठोकाठ बुडवला की धरणाऱ्या हाताची चार बोटं पाण्यात जातात. मुलं खेळून येत, मी बांगडे साफ करता करता उठत असे, कोणी परसातून येई. सगळ्यांची बोटं त्या एका हंड्यात. मी गॅस जाळून पाणी शुद्ध करत होते आणि मग आम्हीच ते घाण करत होतो. हे ऐकून मला रडू आलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेले आणि भांड्यांच्या दुकानातून १५ लिटरचं स्टीलचं पिंप आणलं. १,९५० रुपये पडले. प्लास्टिकचं निम्म्यात मिळत होतं. स्टील घेतलं, कारण त्यात कढत पाणी घालून ते धुता येतं.

आता वापराचं सांगते. झाकण घट्ट बसतं, पावसात मुंग्याही शिरल्या नाहीत. तोंड एवढं रुंद आहे की माझा हात कोपरापर्यंत आत जातो आणि तळ घासता येतो. खरं तर साठवणीच्या भांड्याचं तोंड अरुंद असावं, म्हणजे कोणाला पेला बुडवताच येत नाही. पण अरुंद तोंडाचं आतून घासायचं कसं? म्हणून मी रुंद घेतलं आणि नियम केला: झाकण फक्त मी काढणार, तेही साबणाने हात धुऊन.

तोटी हा या पिंपाचा कच्चा दुवा. चौथ्या महिन्यात गळू लागली. दुकानदाराने बदलून दिली नाही, "तोटीची गॅरंटी नसते" म्हणाला. घरीच पाना लावून सोडवली, तेव्हा वॉशर झिजलेला दिसलाच, पण आतल्या नळीत बोट घातलं तर शिळ्या पेजेसारखा बुळबुळीत थर बोटाला आला. बाहेरून पिंप आरशासारखं लखलखीत! तेव्हापासून दर रविवारी तोटी काढते, बाटली धुवायच्या बारीक ब्रशने घासते, कढत पाणी सोडते आणि पिंप उन्हात पालथं घालते. घेणार असाल तर सोडवता येणारी तोटीच घ्या आणि दोन जादा वॉशर तिथेच मागून ठेवा.

आणखी एक उणीव. तोटी तळापासून दोन बोटं वर आहे, त्यामुळे थोडं पाणी खाली राहतं. ते पिंप कलंडवून प्यायला काढायचं नाही, झाडांना घालायचं आणि मगच नवं भरायचं.

काहीजण उकळण्याऐवजी क्लोरीनचे थेंब घालतात. बाईंनीच सांगितलं की युगांडात एचआयव्ही असलेल्या माणसांच्या घरी तोटीचे डबे आणि क्लोरीनचं द्रावण दिलं, तर त्यांचे जुलाब सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास २००५ साली छापून आला. पण आमच्या भावजींना झालेला जंतू क्लोरीनला दाद देत नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिटात मरतो. म्हणून आमच्याकडे उकळणंच.

पिंपासोबत दहा रुपयांची नायलॉनची जाळी घेतली होती. तिच्यात साबणाची वडी घालून परसदारच्या नळाला टांगली. संडासाहून आल्यावर, जेवणाआधी, मासे कापल्यावर तिथे हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. पिंपाइतकंच श्रेय मी त्या जाळीला देते.

सासूबाईंना हंडा सुटणं जड गेलं. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे भावजींच्या पेल्याला त्यांनी लाल दोरा बांधून तो वेगळा ठेवला होता. पेल्यातून, पाण्यातून एचआयव्ही पसरत नाही हे मी किती वेळा सांगितलं असेल. १९८९ साली याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना केवळ या विषाणूमुळे म्हापशाच्या जुन्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस कोंडलं होतं. ती भीती त्यांच्या पिढीत मुरलीय. पिंप आणल्यावर मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, त्यांच्यापासून आपल्याला काही होत नाही. आपल्या हातांपासून त्यांना होतं." त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी पेले घासताना पाहिलं, दोरा नव्हता.

सव्वा वर्षात भावजींना एकदाच जुलाब झाले, जत्रेत बाहेरचं सरबत प्यायल्यावर. दोन दिवसांत आवरले; एक लिटर पाणी पिंपातून मोजून काढलं, ओआरएसचं पाकीट त्यात विरघळवलं आणि डॉक्टरांना लगेच दाखवलं. गोळ्या चालूच ठेवल्या. उतरलेल्यातलं पाच किलो वजन परत आलंय.

यंदा चवथीला घरात वीस माणसं होती, १५ लिटर दुपारपर्यंतच संपलं. मोठं कुटुंब असेल तर २० लिटरचं घ्या आणि पेला तोटीखाली सरळ बसेल एवढ्या उंच स्टुलावर ठेवा. आमचं आधी पाटावर होतं, तेव्हा पेला तिरका धरावा लागे आणि तोटीला बोटं लागत.