सांगलीच्या विश्रामबागेतला अकरावी गणिताचा क्लास: आधी आकृती, मग समीकरण

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो. थोरला मराठी माध्यमातून दहावी झाला. भूमितीचा 40 मार्कांचा पेपर हसत सोडवून आला होता. अकरावी सायन्सला गेला आणि दिवाळीपर्यंत गणिताचं पुस्तक उघडायला नको म्हणायला लागला. भूमितीचा वेगळा पेपर तिथं नाहीच. सरळ रेषा, वर्तुळ, शांकव (इलिप्स, हायपरबोला असले वक्र) हे धडे आहेत, पण सगळे एक्स-वायच्या समीकरणांत. सिद्धता लिहायची, रचना काढायची सवयच मोडली. आधीच्या क्लासात फळ्यावर सूत्र आणि खाली दहा गणितं, बस्स. वर्षाची फी भरली होती, तरी दिवाळीनंतर तिथून काढला.

इथल्या मॅडम आधी आकृती काढतात. पहिल्या दिवशी मीही मागं बसलो होतो. वर्तुळ, व्यास, परिघावर एक बिंदू. "दहावीत काय शिकलात?" पोरं म्हणाली, अर्धवर्तुळातला कोन काटकोन. मग व्यासाच्या टोकांना निर्देशक दिले, त्या बिंदूपासून दोन्ही टोकांपर्यंतच्या रेषांचे चढ काढले, रेषा काटकोनात म्हणून चढांचा गुणाकार उणे एक धरला, आणि तीन ओळींत वर्तुळाचं समीकरण तयार! हेच सूत्र पोरगा महिनाभर पाठ करत होता.

माझ्या तर अंगावर काटा आला. गोल जॉबचं, म्हणजे लेथवर घडवायच्या तुकड्याचं, सेंटर आम्ही असंच काढतो. गुण्याचा कोपरा फेसच्या कडेला टेकवायचा, दोन्ही भुजा कड जिथं कापतात ते बिंदू जोडायचे, की व्यास मिळाला. जॉब फिरवून पुन्हा तेच. दोन रेघा छेदतील तिथं पंच मारायचा. वीस वर्षं हे करतोय. ते का जमतं, ते त्या बाकावर कळलं.

जीवा-कॉर्ड, स्पर्शिका-टॅन्जंट असे दोन्ही शब्द मॅडम बोलतात. मराठी माध्यमाच्या पोरांना याचा फार आधार होतो. इलिप्स, म्हणजे लंबवर्तुळ, दोन खिळे आणि दोरा घेऊन काढून घेतला. हायपरबोला मात्र घाईत उरकला, तो पुन्हा घ्यायला हवा. मागच्या बाकावरून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही. सीईटीत 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न असतात. नुसत्या त्या वेगासाठी क्लास शोधत असाल तर इथला संथपणा तुम्हाला खटकेल. आम्हाला तोच हवा होता.

फी दोन हप्त्यांत घेतात. पोराबरोबर कंपासपेटी जरूर द्या; वहीत आकृती नसेल तर मॅडम गणित तपासतच नाहीत.