फोल्डस्कोप : पेशी शिकवायला कितपत पुरतो?

फोल्डस्कोप घ्यायचा की नाही, हे ठरवणारा आकडा आहे दोन मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). याहून जवळ असलेले दोन ठिपके या कागदी सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसत नाहीत. कांद्याच्या पेशीचं केंद्रक, पाणवनस्पतीच्या पानातली हरितलवकं, पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, कडेच्या रक्षक पेशी या मर्यादेच्या बऱ्याच वर आहेत, त्यामुळे त्या छान दिसतात. तंतुकणिकेची (मायटोकॉन्ड्रियाची) जाडी मात्र अर्धा ते एक मायक्रोमीटर आणि प्रद्रव्यपटलाची, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाची, जेमतेम सात-आठ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). पुस्तकातल्या आकृतीतली सगळी अंगकं दिसतील या अपेक्षेने घेतलात, तर मुलांची निराशा होईल. जिवंत पेशी काम करताना दाखवायची असेल, तर इतकं स्वस्त आणि खिशात मावणारं दुसरं साधन सहसा मिळत नाही.

स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी हे तयार केलं. 2014 साली त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा सुट्या भागांची किंमत एका डॉलरच्या आत होती. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही शाळा-महाविद्यालयांसाठी फोल्डस्कोपचा कार्यक्रम राबवला. पाण्याने न भिजणारा कागद, त्यावर छापलेले भाग, गोळीच्या आकाराचं इवलंसं भिंग आणि लोहचुंबक, एवढाच ऐवज. डिंक लागत नाही. जोडायला पहिल्यांदा अर्धा तास धरावा. घड्या नखाने दाबून पक्क्या केल्या नाहीत, तर सरकपट्टी अडखळते आणि फोकस हातात राहत नाही.

भिंग साधारण 2.4 मिलिमीटर व्यासाचं असून 140 पट मोठं दाखवतं. त्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून फोकस जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येतो, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. नेहमीची काचपट्टी एक मिलिमीटर जाडीची असते. ती उलटी घातली, म्हणजे नमुना भिंगाच्या विरुद्ध बाजूला गेला, की कितीही सरकवा, चित्र स्पष्ट होणारच नाही. कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच, भिंगाकडेच हवी आणि एकच हवी. डबीतून दोन चिकटून येतात, त्या बोटाने सोडवून घ्या. कडेला सांडलेलं पाणी टिश्यूने टिपल्याशिवाय पट्टी आत सारू नका. भिंगाला पाणी लागलं की सगळं धूसर दिसतं.

डोळा भिंगाच्या अगदी जवळ न्यायचा, पापण्या टेकतील इतका. समोर पांढरी भिंत, ढगाळ आकाश किंवा ट्यूबलाइट चालते. सूर्याकडे रोखून कधीच पाहायचं नाही, हे मुलांना आधी बजावून सांगा. चित्राचा मधला भाग रेखीव असतो आणि कडा पुसट होत जातात. गोल भिंगाचा हा स्वभावच आहे, तुमच्या जोडणीत काही चुकलं असं समजू नका.

सुरुवात कांद्यापासून. आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा, त्यावर आयोडीनचा थेंब, दोन मिनिटं थांबायचं. प्रयोगशाळेचं आयोडीन नसेल तर औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून चालतं. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूहळू आडवी करा, नाहीतर बुडबुडे अडकतात आणि मुलं काळ्या कडेच्या गोल बुडबुड्यालाच पेशी समजून बसतात. गालाच्या पेशी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात सहज जमतात, त्यांत फार वेळ घालवायला नको.

खरं दाखवण्यासारखं आहे ते हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. पान दोनच थर जाड, त्यामुळे कापावं लागत नाही. फांदी दहा-पंधरा मिनिटं उजेडात, कोमट पाण्यात ठेवा, मग टोकाकडचं एक पान पट्टीवर घ्या. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर नजर ठेवून गप्प बसा. हिरवे कण भिंतीच्या कडेकडेने एकामागोमाग सरकू लागतात, कोपऱ्यावर वळतात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. त्यांना ओढणारी मायोसिनची प्रथिनं एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून अॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवर चालतात. म्हणजे उर्जेचा खर्च इथे डोळ्यांसमोर होत असतो. तेच पान बर्फाच्या पाण्यात ठेवून पाहा, वेग मंदावतो. काहीच हललं नाही, तर पान थंड असेल किंवा चिमट्यात चेंगरलं असेल, दुसरं घ्या.

यीस्टसाठी मात्र 140 पट कमी पडतं. पेशी पाच ते आठ मायक्रोमीटरच्या, त्यामुळे ठिपके दिसतात आणि कळ्या अंदाजानेच ओळखाव्या लागतात. इथे परीक्षानळी जास्त बोलकी ठरते. पन्नास मिलिलिटर कोमट पाणी, अर्धा चमचा साखर, पाव चमचा कोरडं यीस्ट. वीस मिनिटांनी त्यातलं थोडं नळीत घेऊन फिकट आकाशी रंग येईल इतकंच मिथिलीन ब्लू घाला. नळी हलवू नका. काही मिनिटांत निळा रंग जातो आणि हवेला लागून असलेलं निळं कडं तेवढं उरतं. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन रंगद्रव्य घेतं आणि रंगहीन होतं. वरून ऑक्सिजन मिळाला की पुन्हा निळं होतं. नळी जोरात हलवा, निळाई परत येते. उकळून थंड केलेल्या यीस्टची दुसरी नळी शेजारी ठेवा, ती निळीच राहील. रंग जास्त पडला तर तासभर वाट पाहावी लागते, म्हणून थेंब मोजून घाला.

पेशींमधला संदेशवहनाचा भाग शिकवायला सगळ्यात कठीण, कारण संदेश दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो. त्यासाठी पावसाळ्यात कुठेही उगवणारा केना घ्या, त्याची पर्णरंध्रं मोठी असतात. एक पान उन्हातल्या, पाणी घातलेल्या रोपाचं. दुसरं तोडून दोन तास कागदावर ठेवून कोमेजलेलं. दोन्हींच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्या, दहा मिनिटं वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलून काचपट्टीवर लावा. नुसती साल काढून पाण्यात ठेवली तर रक्षक पेशी पुन्हा पाणी ओढतात आणि फरक पुसला जातो, म्हणून ठसाच हवा. कोमेजताना पानात अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, रक्षक पेशीत कॅल्शियमचा संकेत उठतो, पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागे पाणीही जातं आणि फट मिटते. फळ्यावरची बाणांची ही साखळी एकदा दोन ठशांशेजारी काढून पाहा.

मोबाइल जोडायची चुंबकाची चकती उपयोगाची आहे, कारण वर्गाला एकाच वेळी दाखवता येतं. पण तीन-चार कॅमेरे असलेल्या फोनच्या उंचवट्यावर ती सपाट बसत नाही. मुख्य कॅमेऱ्यावरच लावा आणि अॅप आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारत नाही ना, ते पाहा.

आठवी ते दहावीच्या वर्गाला चार मुलांमागे एक फोल्डस्कोप आणि बाईंच्या टेबलावर 40 पटीचं वस्तुभिंग असलेला एक साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, अशी जोडी घ्यावी. त्या सूक्ष्मदर्शकाचं, नेत्रभिंगासह, 400 पट आणि अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंतचं विभेदन (जवळचे ठिपके वेगळे दाखवण्याची क्षमता) यीस्टच्या कळ्यांना पुरतं. अकरावी-बारावीला पेशीविभाजनाचे टप्पे मोजायचे असतात, तिथे नुसत्या फोल्डस्कोपवर भागणार नाही. पैसे आधी संयुक्त सूक्ष्मदर्शकावर घाला.